पों-पों हवालदार

रहिमतपूरच्या शाळेत भूगोल शिकवायला रुजू झाले तेव्हा भाड्याची खोली शोधत मी एका घराच्या फाटकाशी थांबले. फाटकावर पाटी होती : 'हवालदार (निवृत्त), पलटण बँड. स्वतंत्र संगीतकार.' त्याखाली वेगळ्या रंगात 'कुत्र्यापासून सावध राहा.' आणि त्याच्याही खाली खडूनं, 'कुत्रा वारला. तरी सावध राहा.'

मी वाचत असतानाच आतून आवाज आला, "वाचून झाली आसंल तर आत या. झाली नसंल तर आमी थांबतो."

आत पडवीत एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ लोखंडी खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर, झोपी गेलेल्या नातवासारखं, एक अवाढव्य पितळी वाद्य होतं. हंड्याला नरसाळं जोडावं आणि मग दोघांना मिळून पिळून काढावं, तसं त्याचं रूप होतं.

"युफोनियम," ते म्हणाले. "हात लावायचा न्हाई. लांबनं नमस्कार केला तरी चालंल."

मी केला. का केला ते मला आजही सांगता येणार नाही.

"सकाळी कवा उठता?"

"सहाला."

"पाचला उठावं लागंल. हात थरथरतो का?"

"नाही."

त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला. "धरा. आडवा. हलवू नगा."

मी तो धरून उभी राहिले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्यासाठी चहा आणून ठेवला. तो निवला, त्यावर साय धरली, सायीवर एक माशी येऊन गेली. मग हवालदार म्हणाले, "खोली तुमची." भाडं, पाणी, विजेचं बिल वगैरे किरकोळ गोष्टी काकूंनी नंतर जिन्यात ठरवल्या. हवालदारांच्या दृष्टीनं मुलाखत मोबाईलपाशीच संपली होती.

मी विचारलं होतं, स्वतंत्र संगीतकार म्हणजे नक्की काय?

"म्हंजे सुटा," ते म्हणाले. "पलटणीत सगळ्यांच्या संगं वाजवायचो, आता येकटा वाजवतो. तितं हुकूम द्यायला साहेब हुता. हितं कोन न्हाई, म्हणून मीच मला देतो. मीच मानतो. कवा कवा न्हाई मानत."

त्यांचं एक चॅनेल होतं आणि रोज पहाटे ते अंगणातून लाइव्ह येत. वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशांना तेल, केसांना पाणी. कमरेखालचं कॅमेऱ्यात येत नाही म्हणून खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. मी तुळशीकट्ट्यावर कोपर टेकवून मोबाईल धरायची आणि ते आकाशाकडे बघून ओरडायचे, "सावधान!" पहिल्या दिवशी मीच सावधान झाले आणि मोबाईल तुळशीत पडला.

मग हजेरी. बाकीचे कलाकार बघणाऱ्यांना नमस्कार करतात, कसे आहात म्हणतात. हवालदार हजेरी घ्यायचे. फॉलोअर म्हणजे भरती झालेला जवान, अशी त्यांची सरळ समजूत होती. स्वखुशीनं नाव दिलंय ना, मग आता ड्यूटी.

"नाद खुळा इस्लामपूर!"

कमेंट यायची : हाजिर साहेब.

"एकटी परी!"

हाजिर साहेब.

"मुऱ्हाकिंग कडेगाव!"

हाजिर, म्हशी पिळतोय साहेब.

जो सापडायचा नाही त्याच्याकडून रजेचा अर्ज मागितला जाई. आणि लोक अर्ज करत! इस्लामपूरच्या पठ्ठ्यानं लिहिलं, उसाला तोड आली आहे, दोन दिवस सुट्टी मिळावी. हवालदार म्हणाले, "मंजूर. येताना रस आणा." एकानं लिहिलं, पहाटे मुलगा झाला म्हणून गैरहजर होतो. हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला, म्हणाले, "अभिनंदन. पोराला बी भरती करा." आणि त्या माणसानं खरंच पोराच्या नावानं खातं काढून भरती केली. नाव ठेवलेलं नव्हतं म्हणून खात्याला 'बाळ' एवढंच नाव. पुढं कित्येक महिने आम्ही रोज 'बाळ'ची हजेरी घेत होतो. ते नियमित होतं.

आता ते वाजवायचे काय, हे सांगायला हवं.

बँडमध्ये वरची चाल वाजवणारे वेगळे आणि खालून आधार देणारे वेगळे. हवालदार जन्मभर खालचे. त्यांना जे येत होतं ते खालचंच येत होतं, आणि त्यांना त्याचाच अभिमान होता. त्यामुळं चॅनेलवर ते फक्त तेवढंच वाजवत. पों. पों. पोंपों, पों. मग थांबा. मग पुन्हा पों. या थांब्याला त्यांच्या लेखी वाजवण्याइतकीच किंमत होती. चांगला लांबलचक थांबा आला की गाल फुगवून, छाती भरून, एक पाय हळूच आपटत ते पुतळ्यासारखे उभे राहत. खाली कमेंटांचा पाऊस पडे : नेट गेलं का? साहेब अडकले. फोन बंद करून चालू करा. मग अचानक 'पों' व्हायचं आणि लोक आनंदानं हृदयं पाठवायचे.

"वरचं काय, कोन बी वाजवतंय," ते म्हणायचे. "खालचं हाय म्हणून वरचं हाय. तुमी भूगोल शिकवता, तुमाला कळंल. खाली खडक नसंल तर डोंगर कशावर बसंल?"

व्हिडिओंना नावं नव्हती, नंबर होते. नंबर चार, नंबर नऊ, नंबर एकवीस. पलटणीच्या वहिवाटीप्रमाणं. ऐकणारा मात्र बेजार व्हायचा. हे कुठलं तरी गाणं आहे, हे कळायचं, पण कुठलं ते कळायचं नाही. कमेंटांत भांडणं लागायची. कुणी म्हणे जुनं सिनेमातलं, कुणी म्हणे गणपतीची आरती, कुणी म्हणे आमच्या कारखान्याचा सकाळचा भोंगा. मीही एकदा चहाच्या वेळी सहज विचारलं, "नंबर नऊ म्हणजे कुठलं हो गाणं?" हवालदारांनी बशीतला चहा संपवला, वर बघितलं आणि म्हणाले, "ढग आल्यात बगा." आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

बघणारे इतके कसे वाढले, याचा शोध मला अपघातानं लागला. एकदा मी वरच्या खोलीत आवाज बंद ठेवून त्यांचा व्हिडिओ बघत होते, तर खाली आपोआप उमटणाऱ्या अक्षरांत दिसलं : [म्हैस रेकते]. पुन्हा थोड्या वेळानं : [म्हैस रेकते]. सबंध नंबर एकवीसभर म्हैस रेकत होती. त्या ॲपच्या यंत्राला युफोनियम माहीत नव्हतं, म्हैस माहीत होती. त्यामुळं ज्याला ज्याला म्हशीचे व्हिडिओ बघायची सवय होती, त्याच्या त्याच्या मोबाईलवर ते हवालदारांना पाठवत होतं. सातारा-सांगलीकडचे सगळे दूधवाले आमचे फॉलोअर होते.

हे त्यांना कसं सांगावं म्हणून मी दोन दिवस घुटमळले. शेवटी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ मिशी चावली.

"म्हशीवाली मानसं चांगली," ते म्हणाले. "पहाटं उठत्यात."

दिवाळीला पुण्याहून सूनबाई आल्या. त्या जाहिरातीच्या कंपनीत कामाला होत्या आणि त्यांना या विषयातलं कळत होतं. त्यांनी सासऱ्यांना पडवीत बसवून नीट समजावलं, की हल्ली एवढं लांब कुणी बघत नाही, पंधरा सेकंदांत माणसाला पकडायला लागतं.

"पकडायचं कशाला? पळतोय का तो?"

"तसं नव्हे बाबा. सुरुवातीचा तेवढाच भाग वाजवा. मी बघते पुढचं."

हवालदारांनी सूनबाईचा मान राखला आणि नंबर नऊची सुरुवात वाजवली. नंबर नऊच्या सुरुवातीला खालच्या वाद्याला भला मोठा थांबा आहे. त्यामुळं सूनबाईंच्या हाती जो व्हिडिओ आला त्यात एक माणूस गाल फुगवून, डोळे रोखून, काहीही न वाजवता उभा आहे आणि मग व्हिडिओ संपतो. त्यांनी कपाळाला हात लावला, पण चॅनेलवर टाकला. तो आजवरचा सगळ्यांत जास्त बघितलेला व्हिडिओ ठरला. लोकांनी लिहिलं, मनाला शांती मिळाली. एका बाईनं लिहिलं, आमच्या ह्यांना दाखवला, तेही तेवढा वेळ गप्प बसले.

सूनबाईंची दुसरी युक्ती मात्र उलटली. त्या म्हणाल्या, "बाबा, लोक एवढं ओळखायचा प्रयत्न करतात तर स्पर्धाच ठेवू. ओळखा गाणं. बक्षीस देऊ."

हवालदार उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, युफोनियमच्या पट्टीत. "सूनबाई, मी इतकी वर्सं वाजवलं ते काय कोडं घालायला? वाजवतोय ते ऐकायचं. वळखायचं काय त्यात?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "बाई, ह्यांना गाणं कुटलं ते तेवढं इचारू नगा. मी बी इचारत न्हाई. लग्न झाल्यापास्नं."

आणि मग एका सकाळी मुऱ्हाकिंग कडेगाव गैरहजर राहिला. रजेचा अर्ज नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी बघितलं तर त्यानं नावच काढून घेतलं होतं.

"अनफॉलो केलंय त्यानं तुम्हाला," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हणजे सोडून गेला."

"भगोडा!" हवालदारांचा चेहरा उतरला. "इतक्या दिसाचा मानूस. कायतर झालं आसंल. न सांगता जायाचा न्हाई तो."

मी समजावलं की असं होतच असतं, लोक येतात, जातात. त्यांना पटेना. पलटणीत माणूस कमी झाला तर कुणीतरी जाऊन बघून येतं, असं त्यांचं म्हणणं. रविवारी त्यांनी मोटारसायकल काढली, मला मागं बसवलं, माझ्या मांडीवर युफोनियम दिलं आणि आम्ही पुसेसावळीवरनं कडेगावला निघालो. वाटेत लोक वळून वळून बघत होते. एका चढावर एक म्हातारा म्हणाला, "हंडा लय मोटा घेतला गड्या."

मुऱ्हाकिंगचं घर शोधायला वेळ लागला नाही. गावाबाहेर गोठा, गोठ्यात म्हशींची रांग, आणि पुढं धार काढायच्या बादल्या विसळत बसलेला मुऱ्हाकिंग, म्हणजे संपतराव. हवालदारांना दारात बघून त्याच्या हातातली बादली निसटली.

"आवं साहेब! तुमी?"

"गैरहजर का?" हवालदारांनी विचारलं.

संपतराव रडकुंडीला आला. त्यानं गोठ्याच्या टोकाला बांधलेल्या काळ्याभोर, तुकतुकीत म्हशीकडं बोट केलं. "ही हौसा. पयल्या खेपंची गाभण हाय. तुमचं वाजवणं लागलं की ही कान टवकारती आन् आवाज कुटनं येतोय ते हुडकती. मोबाईल माज्या खिशात. ही माज्या भवतीनं फिरायला लागली. एक दिस दावं तोडलं, एक दिस खुटा उपसला. डाक्टर म्हणलं, गाभण हाय, जपा, शांत ठेवा. मग काय करू साहेब? काळजावर दगड ठिवून बंद केलं."

हवालदारांनी माझ्याकडून वाद्य घेतलं, हौसापुढं जाऊन उभे राहिले आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणावं तसं, नंबर चार सुरू केलं. पों. पों. हौसानं मान वर केली. वाद्याच्या तोंडाकडं बघितलं. एक पाऊल पुढं आली, नरसाळ्यात नाक घालून हुंगलं, आणि एवढे दिवस जे शोधत होते ते सापडलं, अशा समाधानानं तिथंच बसकण मारून रवंथ करू लागली. हवालदारांनी नंबर चार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, सगळ्या थांब्यांसकट. ती हलली नाही.

वाद्य पुसता पुसता ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बगितलं? हिनं इचारलं न्हाई, गाणं कुटलं म्हणून."

संपतरावानं तिथल्या तिथं पुन्हा नाव नोंदवलं. आणि महिन्याभरानं त्याचा फोन आला : हौसाचं डोहाळजेवण घातलंय, साहेबांनी प्रमुख पाहुणे म्हणून वाजवायला यायचं.

आमच्या भागात हौशी माणसं म्हशीचं डोहाळजेवण घालतात, त्यात नवल नाही. नवल होतं ते फ्लेक्सचं. वेशीवरच डाव्या बाजूला हिरवी साडी पांघरलेली हौसा, उजव्या बाजूला गणवेशातले हवालदार, आणि छापणाऱ्यानं नावांची अदलाबदल केलेली. हवालदारांच्या छातीखाली ठळक अक्षरांत होतं : 'उत्सवमूर्ती. जात मुऱ्हा, पहिली खेप.' काकू म्हणाल्या, "बरोबर हाय." हवालदारांनी फ्लेक्सला नीट उभं राहून सलाम केला. चष्मा घरी राहिला होता.

मांडव माणसांनी भरला होता. कडेगावचे, इस्लामपूरचे, विट्याकडचे, सगळे आमचे पहाटेचे. 'नाद खुळा' नावाचा जवान प्रत्यक्षात टक्कल पडलेला आजोबा निघाला. 'बाळ' आईच्या कडेवर होतं, हवालदारांनी त्याचा अंगठा धरून हलवला आणि म्हणाले, "शिस्तीचा मानूस." बायकांनी हौसाची ओटी भरली, तिच्यापुढं पेंड, गूळ, हिरवा मका मांडला. पुरणपोळ्यांचा आणि येळवणीच्या आमटीचा वास सुटला होता.

हवालदार मंचावर गेले. तेवढ्यात चकचकीत कोट घातलेला माईकवाला पुढं आला आणि ओरडला, "तर मंडळी, साहेबांच्या चाहत्यांच्या खास आग्रहावरनं! ओळखा गाणं, जिंका स्टीलची बादली! गाऊन दाखवायचं!"

संपतराव खाली उभा राहून आनंदानं टाळ्या वाजवत होता. बिचाऱ्यानं रोजच्या कमेंटी वाचून, साहेबांना आवडेल म्हणूनच हे ठरवलं होतं. हवालदारांनी वाद्य खाली ठेवलं. आता हे उतरून सरळ चालू लागणार, असं मला दिसलं. काकू मंचाच्या कडेला जाऊन हळूच म्हणाल्या, "आवं, पावण्यांच्या दारात नगा. लेकुरवाळी हुनार हाय ती."

हवालदारांनी हौसाकडं बघितलं. वाद्य उचललं. नंबर नऊ.

थांबा संपून पहिला पों झाला आणि पुढच्या रांगेतल्या 'नाद खुळा' आजोबांनी हात जोडून आरती धरली. ती बसली की हो! बायकांच्या बाजूनं डोहाळ्याचं गाणं उठलं, तेही बसलं. मागच्या तरण्या पोरांनी सिनेमातलं गाणं शिट्ट्यांसकट चालू केलं. डेअरीच्या चेअरमननी शाळेतली प्रार्थना घेतली, आणि कोपऱ्यातल्या एकानं वाढदिवसाचं गाणं. कुणी कुणाचं ऐकेना, कुणी थांबेना, प्रत्येकाला वाटत होतं आपलंच बरोबर. आणि त्या सगळ्या गलक्याखालून हवालदारांचं पों, पों, पोंपों, आपल्या जागेवर, एका मात्रेनं पुढं नाही, मागं नाही. एवढा मांडव त्यांच्यावर उभा होता. ते घामानं डबडबले होते आणि डोळे मिटून वाजवत होते. हौसा मका खात होती.

संपलं. टाळ्या. माईकवाला धावत आला. "साहेब, आता तुमीच सांगा. बरोबर उत्तर कुठलं?"

बायका पदर सावरून पुढं सरकल्या.

"नंबर नऊ," हवालदार म्हणाले.

"व्हय साहेब, पण गाणं कुठलं?"

हवालदारांनी काकूंकडं बघितलं. काकू हौसाकडं बघू लागल्या.

"मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. माईक होता, त्यामुळं ते वेशीपर्यंत ऐकू गेलं. "माजी जागा मागल्या रांगंत. शेजारी मोटा ढोल. वरचं कवा ऐकू आलंच न्हाई. आन् उस्तादानं पयल्याच दिशी सांगितलं हुतं, वरचं ऐकत बसशील तर मात्रा चुकशील. म्हणून कान बंद ठिवले. पार पेन्शन निघंस्तवर. कोनाला इचारायची लाज वाटली. मग उशीर झाला."

मग 'नाद खुळा' आजोबा उठले. "म्हंजे आमची आरतीच बरोबर!"

"का म्हणून?" बायकांतून आवाज आला. "डोहाळजेवणात डोहाळ्याचंच गाणं!"

"पुरावा काय?" पोरं ओरडली.

पुढचा अर्धा तास जे भांडण झालं, तितकं समाधानानं भांडलेली माणसं मी दुसरीकडं बघितलेली नाहीत. हवालदार मधे बसून एकेकाची चाल ऐकत होते, मान हलवत होते आणि "ह्यी बी आसंल," "ह्यी बी आसंल" म्हणत होते. बादली शेवटी हौसापुढं ठेवण्यात आली.

परतताना संपतरावानं आम्हाला दुधाच्या टेम्पोनं पोहोचवायची सोय केली. काकू पुढं ड्रायव्हरजवळ, मी आणि हवालदार मागं कॅनांच्या मधे, मांडीवर युफोनियम. दोन्ही बाजूंनी ऊस सरकत होता. पुसून झालेलं वाद्य ते पुन्हा पुन्हा पुसत होते. मला वाटलं, चारचौघांत सांगावं लागलं ते मनाला लागलं असेल.

"बाई," ते म्हणाले, "त्या बायका म्हणत हुत्या ती चाल कशी हुती? म्हणा जरा."

मला गाता येत नाही. शाळेच्या प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवते. पण त्यांनी वाद्य तोंडाला लावलं होतं आणि वाट बघत होते. मी म्हटली, जमेल तशी, खड्ड्याखड्ड्याला हिसके खात. त्यांनी खालून पों धरला. पण डोळे मिटले नाहीत. मान तिरकी करून, भुवया वर चढवून, ते माझं ऐकत होते. दुसऱ्याच ओळीला त्यांचा पों भलत्या ठिकाणी पडला.

मी थांबले. टेम्पोही नेमका रेल्वेच्या फाटकाशी थांबला.

"चुकलो!" हवालदार म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की पुढच्या खिडकीतून काकूंनी वळून बघितलं. "मात्रा चुकलो, बाई! वरचं ऐकत बसलो!"

आणि गाल फुगवून, मानेनं खूण करून, ते म्हणाले, "पयल्यापास्नं घ्या."